ताऱ्याचा बिंदू बिंदूच राहावा म्हणून

व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. व्यासाने तो सूर्याच्या सुमारे पावणेदोन पट आहे, पण ८.६ प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे पृथ्वीवरून त्याचा आकार जवळजवळ शून्य भासतो. एका अंशाचे साठ भाग केले की एक कला आणि एका कलेचे साठ भाग केले की एक विकला. व्याधाचा आकाशातला व्यास भरतो जेमतेम ०.००६ विकला. उलट, २४ मिलिमीटरची लेन्स लावलेल्या २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सरवरच्या एकाच पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा सुमारे ५२ विकलांचा तुकडा येतो. ताऱ्याला स्वतःचा आकार छायाचित्रात उमटवता येणे अशक्यच आहे. चित्र मोठे करून पाहताना ताऱ्याला रेघेचा, कड्याचा किंवा पंखांचा आकार आलेला दिसला, तर तो आकार पृथ्वीच्या फिरण्याचा असतो, लेन्सचा असतो, हललेल्या ट्रायपॉडचा असतो किंवा हवेचा असतो.

ताऱ्यांच्या छायाचित्रणातली अडचण इथेच आहे आणि तिच्यावरचा उपायही इथेच सापडतो. माणसाचा चेहरा किंवा डोंगराची कड किंचित हलली तरी डोळा ते चालवून घेतो. तारा मात्र एकही दोष झाकत नाही. पण प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते, त्यामुळे तारा बिघडलेला दिसला की काय बिघडले हेही तोच सांगतो. ज्याला या खुणा वाचता येतात त्याला महागड्या कॅमेऱ्याची निकड फारशी उरत नाही.

सर्वांत मोठे कारण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे आणि ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. वर सांगितलेल्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल ओलांडायला ताऱ्याला साडेतीन सेकंदही लागत नाहीत. शटर वीस सेकंद उघडे ठेवले, तर तारा सहा पिक्सेल लांबीची रेघ होतो. लेन्सची फोकल लेंथ वाढली की आकाश तितकेच जवळ दिसते आणि त्याचे सरकणेही तितक्याच पटीने वाढते. त्याच कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर पिक्सेल ओलांडायला सेकंदाचा निम्मा भागही पुरतो.

हे सरकणे आकाशात सगळीकडे सारख्या वेगाचे नसते. खगोलीय विषुववृत्तावर ते सर्वाधिक असते आणि ध्रुवाकडे जाताना कमी होत जाते. मृग नक्षत्राच्या पट्ट्यातला सर्वांत उत्तरेचा तारा जवळजवळ नेमका या विषुववृत्तावर आहे, म्हणून मृगाचे चित्र घेताना सर्वांत कडक हिशेब लावावा लागतो. सप्तर्षीच्या चौकोनातला ध्रुवाच्या बाजूचा तारा विषुववृत्तापासून जवळपास ६२ अंश उत्तरेला आहे. त्याचे सरकणे मृगाच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे तिथे दुपटीने जास्त वेळ मिळतो. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग धनू राशीकडे, विषुववृत्ताच्या सुमारे २९ अंश दक्षिणेला येतो. तिथली सवलत अगदीच थोडी, आठव्या हिश्शाएवढी.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे यासाठी छायाचित्रकारांमध्ये पाचशेचा नियम रूढ आहे. पाचशेला फोकल लेंथने भागायचे, येईल तितके सेकंद. २४ मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे २१ सेकंद मिळतात. सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी जातीचा असेल, तर फोकल लेंथ आधी दीडपट करून घ्यायची. नियम सोपा असल्यामुळे टिकून आहे, पण तो फिल्मच्या आणि लहान छपाईच्या दिवसांतला आहे. त्या काळी रेघ इतकी बारकाईने पाहिलीच जात नव्हती. आज तोच नियम २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सहा पिक्सेलांची आणि ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आठ पिक्सेलांची रेघ देतो. पिक्सेल जितके बारीक तितका नियम फसवा. म्हणून अनेक जण पाचशेऐवजी तीनशे घेतात. त्याहून नेमका हिशेब फ्रान्समधल्या ल आव्र शहरातल्या खगोलसंस्थेच्या फ्रेडरिक मिशो यांनी मांडला. एनपीएफ या नावाने तो ओळखला जातो आणि त्यात फोकल लेंथबरोबर ॲपर्चर आणि पिक्सेलचा आकारही येतो. त्याचे सोपे रूप असे: ॲपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणायचे, पिक्सेलच्या मायक्रोमीटरमधल्या रुंदीला ३० ने गुणायचे, दोन्हींची बेरीज करून तिला फोकल लेंथने भागायचे. एफ २.८, सहा मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि २४ मिलिमीटरची लेन्स असेल, तर उत्तर साडेअकरा सेकंदांच्या आसपास येते. पाचशेच्या नियमाच्या जवळजवळ निम्मे. एवढ्या वेळात रेघ साडेतीन पिक्सेलांच्या आत राहते आणि लेन्सच्या स्वतःच्या अस्पष्टतेत बरीचशी मिसळून जाते.

वेळ निम्मा झाला की प्रकाशही निम्मा झाला. ती भरपाई आयएसओ वाढवून करतात. अंधाऱ्या आकाशाखाली १६०० ते ६४०० ही नेहमीची मर्यादा. आयएसओ वाढवल्याने ताऱ्याचा प्रकाश वाढत नाही, फक्त नोंदलेला संकेत मोठा करून दाखवला जातो. चित्रातले दाणे मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे येतात. दाणे पुढे कमी करता येतात, रेघ झालेला तारा पुन्हा बिंदू करता येत नाही. म्हणून दोन्हींत निवड करायची वेळ आली तर दाणे पत्करावेत आणि वेळ आखूड ठेवावा.

रेघ सगळ्या चित्रभर ठरावीक दिशेने आणि ध्रुवाभोवती वळलेली दिसली तर कारण पृथ्वीचे फिरणे. तारे रेघेऐवजी फुगलेले, मोठ्या ताऱ्यांच्या मधोमध पोकळी असलेले दिसले, तर कारण फोकस. प्रत्यक्षात जितकी ताऱ्यांची चित्रे वाया जातात, त्यांतली बरीचशी इथेच जातात, कारण हा दोष कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही. घरी संगणकावर चित्र उघडल्यावरच तो कळतो.

तारे अनंत अंतरावर, लेन्सवर अनंताची आडव्या आठची खूण असते, मग रिंग तिथे नेऊन ठेवली की झाले, असा समज सर्रास आढळतो. ऑटोफोकसच्या लेन्समध्ये रिंग अनंताच्याही थोडी पुढे जाईल अशी मुद्दाम रचलेली असते, कारण थंडी-उन्हाने धातू आणि काच आकुंचन-प्रसरण पावतात आणि फोकसची जागा बदलते. त्यातच चुकीला वाव किती, तर एफ २.८ ला सहा मायक्रोमीटरच्या पिक्सेलसाठी सेन्सरच्या पुढे-मागे १७ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा साठावा भाग. छापील खुणेवर इतका भरवसा ठेवता येत नाही. दुसरा समज जास्त फसवा आहे, कारण तो पुस्तकी ज्ञानातून येतो. निसर्गचित्रे घेणारे हायपरफोकल अंतराची कोष्टके वापरतात. २४ मिलिमीटर आणि एफ २.८ साठी ते अंतर सुमारे सात मीटर येते आणि तिथे फोकस केला की साडेतीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळे नेमके येते, असे कोष्टक सांगते. पण कोष्टकाने नेमके म्हणजे ०.०३ मिलिमीटरपर्यंतची अस्पष्टता चालेल असे धरलेले असते. झाडाच्या पानासाठी ते ठीक आहे. सहा मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर मात्र ती अस्पष्टता पाच पिक्सेल रुंदीची तबकडी होते आणि मंद तारे त्या तबकडीत पसरून आकाशात विरून जातात.

योग्य मार्ग एकच, फोकस ताऱ्यावरच करायचा. फोकस हाताने करण्याच्या पद्धतीवर आणावा, ॲपर्चर पूर्ण उघडावे, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा चौकटीच्या मधल्या भागात आणून दहापट मोठा करावा आणि रिंग हळूहळू फिरवत तो लहानात लहान होईल तिथे थांबावे. हिवाळ्यात व्याध किंवा ब्रह्महृदय, उन्हाळ्यात स्वाती किंवा अभिजित यासाठी सोयीचे. रिंग नेमक्या जागेच्या पलीकडे नेऊन परत आणल्याखेरीज सर्वांत लहान ठिपका कोणता ते कळत नाही. तारा लहान होत जाताना त्याच्या आसपासचे, आधी न दिसणारे मंद तारे अचानक उमटू लागतात. तेजस्वी ताऱ्याच्या ठिपक्यापेक्षा ही खूण अधिक विश्वासाची. जागा सापडली की रिंग कागदी चिकटपट्टीने हलणार नाही अशी बसवावी. रात्र वाढून गारठा आला की तासाभराने पुन्हा तपासावे.

लांब लेन्स किंवा दुर्बीण असेल तर बाख्तिनोव्ह मास्क अतिशय उपयोगी पडतो. रशियातले हौशी खगोलछायाचित्रकार पावेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये तो पुढे आणला. पातळ पत्र्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये तीन दिशांना कापलेल्या समांतर फटी, एवढीच त्याची रचना. तो लेन्सपुढे धरला की तेजस्वी ताऱ्याभोवती प्रकाशाचे तीन काटे उमटतात. दोन काटे एकमेकांना छेदतात आणि तिसरा फोकसबरोबर इकडेतिकडे सरकतो. तिसरा काटा छेदाच्या नेमका मधून गेला की फोकस जमला. मग मास्क काढायला विसरायचे नाही.

मधले तारे बिंदू आहेत आणि कोपऱ्यांतले तारे मात्र पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसतात, असे झाले तर दोष लेन्सचा. भिंगाच्या कडेकडून तिरपा आलेला प्रकाश एका जागी जमत नाही, याला कोमा म्हणतात. त्याच्या जोडीला दृष्टिवैषम्याचा दोष असला, तर कोपऱ्यांतले तारे आडवे-उभे ताणले जातात. मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर पैसे खर्च करणाऱ्यांची इथे निराशा होते. एफ १.४ ची लेन्स पूर्ण उघडी ठेवल्यास कोपरे क्वचितच चांगले येतात. एक ते दोन पायऱ्या ॲपर्चर लहान केले, म्हणजे १.४ चे २ किंवा २.८ केले, की बहुतेक लेन्स सुधारतात. दोन पायऱ्यांत प्रकाश मात्र चौथाईवर येतो. त्यापुढे ॲपर्चर आणखी लहान करून फायदा होत नाही. प्रकाशाच्या लहरीपणामुळे कोणताही बिंदू मुळात छोट्या तबकडीच्या रूपानेच उमटतो. एफ २.८ ला तिचा व्यास पावणेचार मायक्रोमीटर, म्हणजे पिक्सेलच्या आत. एफ ८ ला ती पावणेअकरा मायक्रोमीटर होते, शिवाय प्रकाशही कमी पडतो. ताऱ्यांभोवती जांभळी कडी दिसली तर निळा आणि लाल प्रकाश वेगवेगळ्या जागी फोकस होत आहे असे समजावे. हा दोषही ॲपर्चर लहान केल्यावर बराच मावळतो. फक्त एकाच बाजूचे तारे बिघडले आणि दुसऱ्या बाजूचे चांगले आले, तर लेन्समधली एखादी काच तिरकी बसलेली असण्याची शक्यता असते आणि ती घरी दुरुस्त होत नाही.

सगळ्या ताऱ्यांना एकसारखी, नागमोडी किंवा दोन ठिपक्यांची खूण दिसली तर ट्रायपॉड हलला. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, वारा असेल तर पाय पूर्ण न उघडता बुटका उभा करावा. वजन म्हणून लटकवलेली पिशवी वाऱ्यावर झुलू लागली, तर ती नसलेलीच बरी. शटरचे बटण बोटाने दाबू नये. दोन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावावा किंवा वायरचा रिमोट वापरावा. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. शटर उघडताना बसलेला हादरा सेकंदभरात शमतो. दहा सेकंदांच्या चित्रात तेवढ्यात मंद ताऱ्यांची काही नोंद होत नाही, पण व्याधासारख्या ताऱ्याला शेपूट फुटते. म्हणजे शेपूट फक्त तेजस्वी ताऱ्यांनाच दिसली तर दोष सुरुवातीच्या हादऱ्याचा. लेन्समधले किंवा कॅमेऱ्यातले स्थिरीकरण बंद ठेवावे, कारण स्थिर ट्रायपॉडवरही ते नसलेली हालचाल शोधून सेन्सर हलवू शकते. गच्चीवर कोणी चालले तरी स्लॅब थरथरतो. जमिनीवर ट्रायपॉड रोवणे केव्हाही चांगले.

हवेचा दोष दोन प्रकारचा. तारे लुकलुकतात ते वातावरणातल्या गरम-थंड हवेच्या झोतांमुळे. चांगल्या रात्री ही थरथर एक-दोन विकलांची, वाईट रात्री त्याहून कितीतरी जास्त. २४ मिलिमीटरच्या लेन्सला ५२ विकलांच्या पिक्सेलपुढे तिची दखल घेण्याचे कारण नाही. १००० मिलिमीटरची दुर्बीण लावली, की पिक्सेल एका विकलेच्या आसपास येतो आणि मग हवाच अंतिम मर्यादा ठरते. क्षितिजापासून ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, त्यामुळे लांब लेन्सने काम करताना तारा वर चढेपर्यंत थांबणे फायद्याचे.

दुसरा दोष साध्या लेन्सलाही सोडत नाही, तो म्हणजे दव. सह्याद्रीत पावसाळा सरल्यापासून हिवाळाभर निरभ्र रात्री लेन्सची काच उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत थंड होते आणि तिच्यावर दवाचा पातळ थर धरतो. सुरुवातीला तेजस्वी ताऱ्यांभोवती मऊ वलये दिसू लागतात, मग मंद तारे गायब होतात. काच पुसून उपयोग नसतो, कारण ती पुन्हा धुरकटते. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळली की काच हवेपेक्षा किंचित उबदार राहते आणि दव धरत नाही. ही पट्टी सुरुवातीपासून लावावी आणि मगच फोकस करावा, कारण उबेने फोकस थोडा बदलतो.

आकाशाच्या उजेडाने तारा अस्पष्ट होत नाही, तो बुडतो. जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. एक म्हणजे निखळ अंधार, नऊ म्हणजे महानगराचा मध्य. मुंबई-पुण्याच्या भर वस्तीत दहा सेकंदांत चौकट नारिंगी-राखाडी होऊन जाते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. लडाखमधल्या हान्ले परिसरातही अंधार राखण्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले आहे. तिथली भारतीय खगोलीय वेधशाळा सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आणि विरळ. पण शहरापासून चांगले दूर, डोंगराआड गेले तरी फरक मोठा पडतो.

जागेइतकेच महत्त्व तिथीला. आकाशगंगेचा दाट भाग पुण्याच्या अक्षांशावरून सुमारे ४२ अंश उंच चढतो, युरोपातल्या बहुतेक देशांपेक्षा बराच वर. पण तो ऐन रात्री सर्वांत उंच येतो तेव्हा महाराष्ट्रात पावसाळा असतो. त्यामुळे इथला खरा हंगाम फेब्रुवारी ते मे, तोही पहाटेचा किंवा उत्तररात्रीचा. फेब्रुवारी-मार्चच्या पहाटेसाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस आणि शुक्ल पक्षाचा पहिला आठवडा उत्तम, कारण तेव्हा चंद्र मध्यरात्रीपर्यंत मावळून गेलेला असतो. पंचांग किंवा दिनदर्शिका पाहून दिवस ठरवता येतो. सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार पडायला महाराष्ट्रात साधारण सव्वा तास लागतो, पहाटेही तितकाच वेळ आधी उजाडू लागते.

आखूड वेळात प्रकाश कमी आणि लांब वेळात रेघ, ही कोंडी छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याचे पहिले छायाचित्र १८५० च्या जुलैत हार्वर्ड वेधशाळेत विल्यम क्रँच बाँड आणि जॉन ॲडम्स व्हिपल यांनी घेतले. तारा होता अभिजित, दुर्बीण १५ इंची, आणि चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर त्याची नोंद व्हायला सुमारे शंभर सेकंद लागले. तेवढा वेळ तारा जागेवर राहावा म्हणून दुर्बीण यंत्राने आकाशाबरोबर फिरवावी लागत होती. सात वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याच वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी ओल्या कलोडियनच्या काचेवर वसिष्ठ आणि अरुंधती टिपले. ही जोडी आजही उत्तम कसोटी आहे. दोघांमध्ये सुमारे १२ कलांचे अंतर आहे. २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ते चौदा पिक्सेलांच्या आसपास भरते, त्यामुळे चित्र मोठे करून पाहिल्यावर दोन स्वच्छ, गोल ठिपके वेगळे दिसले, तर सगळे जमले आहे असे मानायला हरकत नाही.

आज त्या यंत्राचे काम स्टार ट्रॅकर नावाची छोटी पेटी करते. ती ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते आणि पृथ्वीच्या उलट दिशेने, दिवसाला एक फेरी या वेगाने कॅमेरा फिरवते. तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे तो उत्तरेकडे, त्या गावाच्या अक्षांशाएवढा वर रोखलेला हवा: कोल्हापुरात १६.७ अंश, मुंबईत १९, नागपुरात २१. ध्रुवतारा इथे इतका खाली असतो की क्षितिजावरच्या धुरक्यात तो पुष्कळदा सापडत नाही, तेव्हा होकायंत्र आणि उतारमापकाची मदत घ्यावी लागते. शिवाय ध्रुवतारा नेमक्या खगोलीय ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. ट्रॅकर सरळ ध्रुवताऱ्यावरच रोखला, तर चूक जास्तीत जास्त मिनिटाला दहा विकलांची. २४ मिलिमीटरच्या लेन्सला यात एक पिक्सेल हलायला पाच मिनिटे लागतात, म्हणून रुंद लेन्ससाठी तेवढी जुळवणी पुरते. २०० मिलिमीटरला तोच पिक्सेल अर्ध्या मिनिटाच्या जरा पुढे ओलांडला जातो. तिथे ध्रुवदर्शक भिंगातून ध्रुवताऱ्याची त्या वेळेची जागा पाहून जुळवणी करणे भाग असते. पेंटॅक्सने २०११ मध्ये वेगळीच वाट शोधली: जीपीएस जोडणी लावली की स्थिरीकरणासाठी हलणारा सेन्सरच कॅमेऱ्याच्या आत ताऱ्यांमागे सरकतो. ट्रॅकरने तारे बिंदू राहिले, तरी झाडे-डोंगर मात्र पुसट होतात. मग जमिनीचे चित्र ट्रॅकर थांबवून वेगळे घेतात आणि दोन्ही जोडतात. असे जोडलेले चित्र दाखवताना तसे सांगावे.

ट्रॅकर नसेल तर स्टॅकिंग हा उपाय, आणि सामान्य कॅमेरा वापरणाऱ्यासाठी तो सर्वांत मोलाचा. एका वीस सेकंदांच्या चित्राऐवजी आठ-आठ सेकंदांची सोळा चित्रे लागोपाठ घ्यायची. डीपस्कायस्टॅकर, सिक्वेटर किंवा सिरिल यांसारखी मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रातल्या ताऱ्यांची रचना ओळखून ती एकमेकांवर बसवतात आणि सरासरी काढतात. तारा प्रत्येक चित्रात त्याच जागी येतो, दाणे मात्र दर वेळी वेगळे पडतात. त्यामुळे दाणे चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतात. सोळा चित्रांत ते चौथाईवर येतात, चौसष्ट चित्रांत आठव्या हिश्शावर. विमाने आणि उपग्रहांच्या रेघाही एखाद-दुसऱ्या चित्रातच असल्याने गाळता येतात. मोबाइल फोन हेच करतात. गुगलच्या पिक्सेल ४ फोनने २०१९ मध्ये आणलेली ताऱ्यांची सोय चार मिनिटांत जास्तीत जास्त सोळा-सोळा सेकंदांची पंधरा चित्रे घेऊन एकावर एक बसवत होती. फोन मात्र टेकवून किंवा ट्रायपॉडवरच ठेवावा लागतो.

चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत. जेपीईजी करताना कॅमेरा दाणे पुसतो आणि त्या पुसण्यात बारीक तारेही जातात. काही कॅमेऱ्यांत लांब एक्सपोजरला रॉमध्येही एकट्या तेजस्वी पिक्सेलला दोष समजून वगळले जाते, म्हणजे फोकस जितका अचूक तितके तारे जास्त गमावले जातात. कॅमेऱ्याची मोठ्या एक्सपोजरची नॉइज रिडक्शन सोय प्रत्येक चित्रानंतर तेवढाच वेळ बंद शटरचे दुसरे चित्र घेते, त्यामुळे निम्मी रात्र वाया जाते. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून, तोच वेळ आणि तोच आयएसओ ठेवून दहा-पंधरा चित्रे घ्यावीत. सॉफ्टवेअर त्यांच्या आधारे गरम पिक्सेल वजा करते.

संगणकावर चित्र धारदार करण्याचा मोह आवरावा. शार्पनिंग वाढवले की प्रत्येक ताऱ्याभोवती काळे कडे उमटते आणि आकाश खडबडीत दिसते. आकाशाचा कॉन्ट्रास्ट सावकाश वाढवावा, तेजस्वी ताऱ्यांचे मधले भाग पांढरे फटक होऊ देऊ नयेत. मृगातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसला, तर रंग जपले गेले. ते पांढरे झाले की पुन्हा येत नाहीत.

किती नेमकेपणा पुरेसा, हे चित्र कुठे दिसणार यावर ठरते. सहा हजार पिक्सेल रुंदीचे चित्र संगणकाच्या दोन हजार पिक्सेल रुंद पडद्यावर बसवले, की सहा पिक्सेलांची रेघ दोनच पिक्सेलांची उरते, आणि फोनवर तर पाचशेचा नियमही खपून जातो. इंचाला तीनशे ठिपके या दराने तेच चित्र छापले तर ते ५० सेंटिमीटर रुंद होते आणि तीन पिक्सेलांची रेघ पाव मिलिमीटरची. एक मीटरवरून पाहणाऱ्याला ती जवळजवळ जाणवत नाही. मीटरभर रुंद छपाई करून भिंतीवर लावायची असेल, तर रेघ अर्ध्या मिलिमीटरवर जाते आणि डोळ्यात भरते. अशा छपाईसाठी ट्रॅकर तरी वापरावा, नाहीतर एका चित्राचा वेळ चार-पाच सेकंदांवर आणून चित्रांची संख्या दुप्पट करावी.